उपवासाची साखर की उपाशीपोटीची?

या वेळच्या पत्रांमधे तीन प्रकारची माणसं आहेत: पेशंट नाहीतर त्यांच्या घरचे, डॉक्टर, आणि आरोग्याचे ॲप बनवणारी तरुण मुलं. तिघांचं दुखणं एकच आहे, समोरच्याला आपलं कळत नाही. मी सोळा वर्षं स्टाफ नर्स म्हणून वॉर्ड आणि ओपीडी केली आणि आता नाशिकमधल्याच सॉफ्टवेअरच्या टीमसोबत बसते, त्यामुळे तिन्हीकडचं बोलणं कानावर पडत असतं. पत्रं थोडी लहान केलीत, नावं काढलीत.

प्रश्न : ताई, आम्ही चार मित्र मिळून शुगरच्या पेशंटसाठी ॲप बनवतोय, सगळं मराठीत. भाषांतर चांगल्या जाणकार माणसाकडून करून घेतलं, पैसे मोजले. एका क्लिनिकमधल्या पेशंटना वापरायला दिलं तर लक्षणांच्या पानावर जवळजवळ सगळे ‘नाही’ करून पुढे जातात, आणि फास्टिंगचे आकडे असे काही येतात की डॉक्टर म्हणाले, हा डेटा माझ्या कामाचा नाही. आमचं नेमकं कुठे चुकतंय? – गंगापूर रोड

उत्तर : दादा, स्क्रीनशॉट पाठवलेत ते फार बरं केलंत, कारण उत्तर पहिल्याच स्क्रीनवर आहे. तिथे लिहिलंय ‘उपवास रक्तशर्करा’. आता पंचवटीत नाहीतर सिडकोत कुठल्याही घरात जाऊन विचारा की उपवास म्हणजे काय, तर साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळं, बटाट्याचा कीस हेच सांगतील. म्हणजे आपल्याकडे उपवासाला माणूस खातो, आणि चांगलं पोटभर खातो. मग एखादी काकू एकादशीला खिचडी खाऊन तपासते आणि तो आकडा तिथे भरते, कारण तुम्ही उपवासाचा मागितलात. अशाच दुसऱ्या एका ॲपमधे एका काकांनी ती जागा महिनाभर रिकामी सोडली होती, विचारलं तर म्हणाले मी उपवास धरतच नाही. दोघांनीही तुम्ही विचारलं त्याचं खरं उत्तर दिलंय. तिथे ‘उपाशीपोटी’ लिहा, आणि खाली बारीक अक्षरात नको, मोठ्या अक्षरात लिहा की रात्रीच्या जेवणानंतर कमीत कमी आठ तास काही खाल्लेलं नको, सकाळचा चहा पण नको, पाणी चालेल. जेवणानंतरच्या दोन तासांचं पण तसंच, ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, पण लोक हात धुतल्यापासून मोजतात आणि हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

लक्षणांच्या पानाचं सांगते. मागच्या वर्षी एका टीमच्या मुलाला घेऊन मी ओपीडीबाहेरच्या बाकावर दिवसभर बसले होते. निफाडकडच्या एक आजी आल्या, गोळ्या चालू, हातात लेकाचा मोबाईल. स्क्रीनवर प्रश्न होता, ‘अल्पशर्करेची लक्षणे आढळली का?’ मुलाने वाचून दाखवला. आजी म्हणाल्या नाही बाबा. त्याने ‘नाही’ टिक केलं. मग मी त्यांना विचारलं, आजी, घाबरल्यासारखं होतं का कधी, हातपाय कापतात का, दरदरून घाम फुटतो का, तर त्या एकदम माझा हात धरून म्हणाल्या, अगं रोज होतं की गं, दुपारी भाकरी थापताना होतं, मग मी गुळाचा खडा टाकते तोंडात आणि बसते जरा भिंतीला टेकून. तो मुलगा तसाच मोबाईल हातात धरून बघत राहिला. रोज दुपारी साखर खाली जाते, आजीने स्वतःचा उपाय पण शोधलाय, आणि ॲपमधे त्या दिवशी नोंद झाली होती ‘लक्षणे नाहीत’. आजींना तिथून थेट आत पाठवलं, डॉक्टरांनी मीटरवर बघितलं तर सत्तरच्या खाली होती, गोळीचा डोस बदलला.

तेव्हा ते पान पुसून टाका आणि नव्याने लिहा, पण एकट्याने लिहू नका आणि भाषांतरकाराला पण देऊ नका. त्यांची यात काही चूक नाही, त्यांना इंग्रजी शब्द दिला आणि त्यांनी मराठी शब्द दिला. तुम्हाला हवाय तो शब्द डिक्शनरीत नाही, ओपीडीबाहेरच्या बाकावर आहे. आम्ही काय करतो ते सांगते. एक साधी दोनशे पानी वही घेतो आणि उभ्या तीन रकान्यांत आखतो. पहिल्यात पेशंट जे बोलला ते जसंच्या तसं, ‘घाबरल्यासारखं होतं’ तर तेच. दुसऱ्या रकान्यात अर्थ लिहायचा मोह होतो, तो टाळा, तिथे डॉक्टर त्यावर पुढचा प्रश्न कुठला विचारतील ते लिहा. कारण ‘घाबरल्यासारखं होतं’ याचा एक अर्थ नाहीच आहे, साखर उतरलेली असू शकते, छातीत धडधड असू शकते, आणि खरंच कसली तरी धास्ती पण असू शकते. डॉक्टर विचारतात, जेवणाआधी होतं का, खाल्ल्यावर थांबतं का, आणि तिथे वाटा वेगळ्या होतात. तिसऱ्या रकान्यात तुमचं काम, म्हणजे स्क्रीनवर काय दिसेल, आत काय सेव्ह होईल. पेशंटचे मूळ शब्द पण सेव्ह झाले पाहिजेत हे मी प्रत्येक टीमला अगदी आग्रहाने सांगते, कारण तुमच्या यादीत बसवताना काही सुटलं तर डॉक्टरांना ते परत वाचता आलं पाहिजे.

तुमच्यातल्या एकाने विचारलंय की असं केलं तर स्टँडर्ड कोडिंगचं काय. काही बिघडत नाही. स्नोमेड सीटी नावाची जी वैद्यकीय संज्ञांची यादी आहे, साडेतीन लाखांहून जास्त संकल्पनांची, तिची रचनाच अशी आहे की संकल्पनेला एक नंबर आणि त्या नंबराला कितीही नावं, समानार्थी शब्द जोडता येतात. भारत २०१४ पासून तिचा सदस्य देश आहे आणि आपल्याकडचं काम पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतून चालतं. म्हणजे ‘छातीत धडधड’ आणि डॉक्टरांचं ‘पाल्पिटेशन्स’ एकाच नंबराला बांधता येतात. गाठ बांधायची सोय आहे, पण काय कशाला बांधायचं हे बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. आणि शेवटच्या बटणावर ‘प्रस्तुत करा’ आहे ते काढून ‘पाठवा’ करा.

प्रश्न : वडिलांना बाटलीतलं इन्सुलिन चालू होतं, मी सिरिंजने देते. या वेळी मेडिकलमधे बाटली नव्हती म्हणून त्यांनी त्याच नावाची पेनमधे घालायची कार्ट्रिज दिली. आमच्याकडे पेन नाही. त्यातून सिरिंजने काढून नेहमीच्याच रेषेपर्यंत दिलं तर चालेल ना? मोबाईलच्या ॲपमधे डोस ‘एमएल’मधे भरायला सांगतात, तिथे काय टाकू? – सिन्नर

उत्तर : नाही ताई, अजिबात देऊ नका. हा अंक छापून यायला वेळ लागतो म्हणून तुम्हाला आधीच फोनवर सांगितलंय, पण सगळ्यांसाठी इथे परत लिहिते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा १ एमएलमधे ४० युनिट असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमधे १ एमएलला १०० युनिट असतात. तुमच्या लाल टोपीच्या सिरिंजवर १० ची रेष म्हणजे पाव एमएल, त्या पाव एमएलमधे कार्ट्रिजचं इन्सुलिन भरलं तर ते २५ युनिट होतं. अडीचपट. रेष तीच, हात तोच, औषधाचं नाव तेच, आणि माणूस रात्री झोपेत बेशुद्ध होऊ शकतो. शंभरवाली सिरिंज वेगळी येते, केशरी टोपीची, पण घरात दोन रंग ठेवून गोंधळ वाढवण्यापेक्षा कार्ट्रिज परत करा आणि बाटलीच घ्या किंवा डॉक्टरांना विचारून पेन घ्या.

ॲपमधे एमएल टाकू नका, ती जागा रिकामी सोडा, आणि ॲप बनवणाऱ्यांना मेल करा की इन्सुलिन युनिटमधेच बोललं जातं. पेशंट, सिस्टर, डॉक्टर तिघंही युनिट म्हणतात, मधेच एमएल कुठून आलं हे त्यांनी शोधायला हवं. त्यासोबत बाटली की पेन हे पण विचारायला हवं, फोटोसकट, लाल टोपी दाखवून.

प्रश्न : मी मराठवाड्याचा, सध्या पेठ तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. पेशंट म्हणतो गॅस झालाय, कसर आहे, अंग मोडून आलंय, चमक निघते. माझ्यासमोर टॅबलेटमधे इंग्रजी ड्रॉपडाऊन, म्हणजे ठरलेल्या शब्दांची यादी, दुखण्यासाठी १ ते १० आकडा निवडायचा. लोक मागे रांगेत उभे. आकडा विचारला की पेशंट माझ्या तोंडाकडे बघतात. काही सोपी पद्धत आहे का?

उत्तर : डॉक्टर, तुम्ही हे विचारलंत याचं मला मनापासून बरं वाटलं, कारण पेशंटला सांगता येत नाही असं म्हणून विषय सोडून देणं सोपं असतं.

आधी ‘गॅस’बद्दल, कारण ते माझ्या मनावर अजून आहे. मी नवीन होते, एका हॉस्पिटलमधे रात्रपाळीला, पन्नाशीचे एक गृहस्थ चालत आले, म्हणाले सिस्टर फार गॅस झालाय, वर चढतोय. मी केसपेपरवर ‘गॅसेस’ लिहिलं. माझ्या त्या एका शब्दाने पुढचं सगळं ठरलं, गॅसचं औषध दिलं, बसवून ठेवलं, ईसीजी तासाभराने निघाला आणि तोवर उशीर झाला होता, ते वाचले नाहीत. ते खोटं बोलले नव्हते, त्यांना छातीत जे दडपण वाटत होतं त्याला त्यांच्या घरात गॅसच म्हणत असणार. छातीच्या तक्रारीत पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी हा नियम ‘गॅस’ शब्दालाही लागला पाहिजे, हे तुमच्या टॅबलेटमधे बसवून घ्या. ‘गॅस’ निवडलं की लगेच पुढे यावं, कुठे होतंय हात ठेवून दाखवा, चालल्यावर वाढतं का, हातात जबड्यात जातं का, घाम येतो का. हाताने दाखवा म्हटल्यावर माणूस बोट ठेवतो, पंजा ठेवतो की मूठ आवळून छातीवर ठेवतो ते बघा. मूठ दिसली की थांबू नका.

दुखण्याच्या आकड्याचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. १ ते १० आकडा किती हे सांगतो, कसं ते सांगत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मधे वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात आकड्याबरोबर ७८ शब्द आहेत, वीस गटांत लावलेले, आणि माणसं दुखणं सांगताना कुठले शब्द वापरतात ते बघून ती बनवलेली आहे. आता आपल्या मराठीत बघा, डोकं ठणकतं, दात ठणकतो, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, मुरडा येतो, पाठीत उसण भरते, चमक निघते, तळपाय भगभगतात, पायाला मुंग्या येतात, पोटरीत गोळा येतो, जखम चुरचुरते, कातडी हुळहुळते. तळपाय भगभगणं आणि मुंग्या हे दोन शब्द ऐकले की शुगरच्या पेशंटमधे नसांचा विचार तुमच्या डोक्यात आपोआप येतो ना? आणि ड्रॉपडाऊनमधे या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘पेन’. एवढी माहिती पेशंट फुकट देतोय आणि आपला फॉर्म ती दारातच सोडून देतोय.

पद्धत म्हणाल तर आशाताईंना धरा. त्या गावातल्याच असतात आणि कसर म्हणजे किती ताप, कणकण म्हणजे काय, बाई ‘अंगावरून जातं’ म्हणते तेव्हा पांढरं की लाल, हे त्यांना विचारायला लागत नाही. महिन्याच्या मीटिंगमधे अर्धा तास मागा, गेल्या महिन्यात कानावर आलेले शब्द बोलायला लावा, भिंतीवर कागद चिकटवून लिहा. तुमच्या भागात कोकणा बोलतात, वारली बोलतात, तिकडे कळवण-सटाण्याला गेलात तर अहिराणी. माझं माहेर सटाण्याचं, आमच्या घरी म्हणतात ‘मन्हं डोकं दुखस’, आणि पुस्तकी मराठीत विचारलं की माझ्या काकू आजही नुसती मान हलवून हो म्हणतात, त्या हो चा काही उपयोग नसतो. म्हणून शेवटी ‘समजलं का’ विचारू नका, ‘घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल’ असं विचारा आणि ऐका. त्यात तुम्ही जे सांगितलं ते परत आलं तर पोचलं, नाही आलं तर आपण परत सांगायचं. एका मिनिटाचं काम आहे, चुकीच्या गोळीने परत आलेल्या पेशंटपेक्षा कमी वेळ जातो.

हे कॉलेजात शिकवत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तर २०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचा वेगळा भाग आलाय, आणि आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. तुमचा तो भिंतीवरचा कागद मुलांच्या वर्गात पोचला तर मला फार आवडेल. फोटो काढून इकडे पाठवा, मी प्रयत्न करते.

प्रश्न : हॉस्पिटलमधे काउंटरवर आभा कार्ड काढा म्हणाले, मोबाईलवर ओटीपी आला, ‘संमती’ला हो करा म्हणाले. मी कशाला हो म्हटलं? वय ७१. – नाशिकरोड

उत्तर : काका, आभा म्हणजे १४ आकडी आरोग्य क्रमांक, वेगवेगळ्या ठिकाणचे तुमचे रिपोर्ट एकत्र बघता यावेत म्हणून. तो ऐच्छिक आहे. क्रमांक काढणं वेगळं आणि तुमचे कागद कुणाला बघू देणं वेगळं, दुसऱ्यासाठी दरवेळी तुमची परवानगी लागते, कुणाला, कुठले कागद, किती दिवस, आणि ती मागे घेता येते. २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यात तर लिहिलंय की संमती साध्या भाषेत मागायची आणि इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची, त्यात मराठी आहेच. पुढच्या वेळी काउंटरवर शांतपणे म्हणा, मला मराठीत दाखवा, मी वाचतो, मग हो म्हणतो. मागे रांग असली तरी म्हणा.

प्रश्न : घरच्या मीटरवर सकाळी ११८-१२० येते आणि तीन महिन्यांचा रिपोर्ट ७ टक्के. कोण खोटं? – अंबड

उत्तर : कुणीच नाही. एचबीए१सी, म्हणजे तुमचा तो तीन महिन्यांचा रिपोर्ट, टक्क्यांत असतं आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४. तुम्ही फक्त सकाळची बघताय, दिवसभराची जेवणानंतर वाढलेली त्यात दिसत नाही. जेवणानंतरची पण चार दिवस बघून लिहा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्त कमी असेल तर हा टक्का फसवू शकतो, तेही त्यांना सांगा.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, टाइप वन डायबेटिस. दंडाला साखर मोजणारा सेंसर आहे. सेंसर मोबाईलवर ९५ दाखवतो आणि बोट टोचलं की ७२. कंपनीच्या हेल्पलाइनला सांगितलं तर म्हणे डिव्हाइस नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले ट्रेंड बघा. मी आई आहे, रात्री दोन वाजता मी नेमकं काय बघू? सेंसरच्या अलार्मला मुलाने टिटवी नाव ठेवलंय, टिटवी ओरडली की तो स्वतःच उठून बसतो. – इंदिरानगर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हेल्पलाइन आणि डॉक्टर दोघंही बरोबर बोलले आणि दोघांनीही तुम्हाला समजेल असं सांगितलं नाही. सेंसरची तार रक्तात नसते, कातडीखालच्या पेशींमधल्या पाण्यात असते. साखर आधी रक्तात बदलते आणि त्या पाण्यात थोडी मागून पोचते, पाच ते पंधरा मिनिटं. म्हणून साखर भरभर उतरत असेल तेव्हा सेंसर जरा आधीची गोष्ट सांगत असतो. ‘ट्रेंड’ म्हणजे तो आकड्याशेजारचा बाण. रात्री दोन वाजता आधी बाण बघा. बाण सरळ आडवा आणि आकडा ९५ तर घाई नाही. बाण खाली तोंड करून असेल तर ९५ वर विश्वास ठेवू नका, बोट टोचा. आणि मूल घामाघूम, थरथरतंय, विचित्र बोलतंय असं असेल तर सेंसर काहीही म्हणो, बोट टोचून बघा, मीटर हाताशी नसेल तर मीटर शोधत बसू नका, आधी डॉक्टरांनी सांगितली आहे तेवढी साखर द्या.

तुम्ही हेल्पलाइनला सांगून थांबू नका. २०१३ मधे अमेरिकेत अशाच एका लहान मुलाच्या इंजिनियर वडिलांनी मुलगा घराबाहेर असताना पण सेंसरचा आकडा आपल्याला दिसावा म्हणून स्वतः कोड लिहिला, तेव्हा कंपनीच्या मशीनमधे ती सोय नव्हती. त्यातून नाइटस्काउट उभं राहिलं, सेंसरचा आकडा लांबून बघता येणारं सॉफ्टवेअर, घरच्या लोकांनीच घरच्यांसाठी बनवलेलं आणि सगळ्यांना मोफत खुलं केलेलं, आणि ‘वुई आर नॉट वेटिंग’, आम्ही थांबणार नाही, हे त्याच वर्षीपासून या पालकांचं बोलणं झालं. कोड येत नसला तरी चालतं, तुम्ही मला लिहिलेला ‘रात्री दोन वाजता मी नेमकं काय बघू’ हा प्रश्न जसाच्या तसा तुमच्या सेंसरच्या कंपनीला मेलवर पाठवा आणि तो डिझाइन करणाऱ्या टीमपर्यंत पोचवा असं लिहा. स्क्रीनवर आकडा मोठा आणि बाण छोटा आहे ना, तो बदलण्यासाठी याहून चांगलं कारण त्यांना ऑफिसात बसून सापडणार नाही.

आणि टिटवी हा शब्द बदलू नका. डॉक्टरांना पण सांगा, पुढच्या भेटीत ते मुलाला ‘हायपो (साखर खाली जाणं) किती वेळा झाला’ विचारण्याऐवजी ‘टिटवी किती वेळा ओरडली’ विचारतील आणि तो बोटं मोजून सांगेल बघा. शाळेतल्या वर्गाच्या बाईंना आणि रिक्षावाल्या काकांनाही हाच शब्द सांगून ठेवा, दप्तराच्या कुठल्या कप्प्यात ग्लुकोजचा पुडा आहे ते दाखवून.